पडद्यावरचा नफा आणि मिस्त्रीचे तास

(या भागाचं लिखित रूप. मधले 'अं…' आणि खोकला तेवढा काढलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

  

आज गाड्यांवर बोलायचंय. पण नवीन एसयूव्ही, मायलेज, सनरूफ, यातलं काही नाही. आज विषय आहे टीव्हीवरचे ते कार्यक्रम, ज्यात लोक जुन्या, देखण्या, महागड्या गाड्या विकत घेतात, नीट करतात आणि विकतात. आधी हे डिस्कव्हरीवर दिसायचे, आता त्यांचे तुकडे आपल्या फोनवर येतात. पहिल्या सेकंदाला गंजलेला सांगाडा, तिसाव्या सेकंदाला आरशासारखी चमकणारी गाडी, आणि शेवटी स्क्रीनवर आकडा. आपण अंगठा वर सरकवतो, पण तो आकडा डोक्यात राहतो.

आज त्या आकड्याकडेच जरा नीट बघू. त्यात काय धरलेलं असतं, आणि काय धरलेलं नसतं?

सुरुवात 'व्हीलर डीलर्स'पासून करू, कारण या प्रकारातला हा सगळ्यांना माहीत असलेला कार्यक्रम. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. साचा अगदी साधा. माइक ब्रुअर गाडी शोधणार, घासाघीस करून घेणार. मग ती गॅरेजमध्ये येणार एड चायनाकडे. ताडमाड उंच माणूस, हातात नारिंगी ग्लोव्ह्ज. तो शांतपणे, एकेक नट दाखवत, गाडी दुरुस्त करणार. मग माइक ती विकणार. आणि शेवटी हिशेब: गाडी इतक्याला घेतली, पार्टला इतके गेले, इतक्याला विकली, नफा इतका.

आता मला सांगा, या हिशेबात कोण नाहीये?

बरोबर. एड नाहीये. त्याने घातलेले तास नाहीयेत.

आपण एक कल्पनेतलं उदाहरण घेऊ. गाडी घेतली चार लाखांना. पार्ट आणि रंगाचं सामान दोन लाख. विकली सात लाखांना. टीव्हीच्या हिशेबाने एक लाख नफा, टाळ्या! आता कामाचे तास मोजा. समजा तीनशे तास लागले. चांगल्या मिस्त्रीचा दर तासाला चारशे रुपये धरला, तर एक लाख वीस हजार झाले. म्हणजे नफा तर गेलाच, वर वीस हजार खिशातून गेले. आणि यात गॅरेजचं भाडं, वीजबिल, टोइंग काहीच धरलेलं नाही. तीनशे तास हासुद्धा फार मोठा आकडा नाही बरं. क्लासिक गाडी पार सांगाड्यापर्यंत खोलून पुन्हा बांधायची, तर हजार-दोन हजार तास सहज जातात.

मी याला फसवणूक म्हणत नाहीये. कार्यक्रम बघणाऱ्याला दिसतंच की एड काम करतोय. पण शेवटी जो आकडा लक्षात राहतो, त्यात त्याचं काम फुकट धरलेलं असतं. आणि एकदा का ते फुकट धरलं, की कुठलीही गाडी फायद्याची वाटायला लागते.

याच कार्यक्रमात पुढे काय झालं ते ऐका. २०१७ मध्ये एड चायनाने कार्यक्रम सोडला. त्याने स्वतः व्हिडिओ टाकून कारण सांगितलं. त्याचं म्हणणं असं, की कार्यक्रमाची सूत्रं अमेरिकेतल्या चॅनलकडे गेल्यावर गॅरेजमधलं बारकाईचं काम दाखवणं अवघड ठरायला लागलं, ते कमी करायचं होतं, आणि ते त्याला पटेना. त्याच्या जागी अँट अँस्टेड आला, आणि २०२१ पासून मार्क प्रिस्टली, जो आधी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन टीममध्ये मेकॅनिक होता. कार्यक्रम चालू राहिला.

मला या गोष्टीत मोठी गंमत वाटते. जे काम हिशेबात कधी धरलंच नव्हतं, तेच चित्रीकरणालासुद्धा जड झालं. साहजिक आहे म्हणा. गंज घासणं बघायला कंटाळवाणं असतं. घासाघीस मजेदार असते. सौदा दोन मिनिटांत दाखवता येतो, पण पत्र्याचं काम दोन मिनिटांत दाखवलं की ते दोन मिनिटांचंच वाटतं.

मग तुम्ही म्हणाल, असं असेल तर या लोकांचं भागतं कसं? सोपं आहे. त्यांची कमाई नुसती गाडीतून होत नाही. कॅमेरा चालू असतो, त्याचे पैसे असतात. 'फास्ट एन लाउड' आठवतंय? डॅलसचं गॅस मंकी गॅरेज, रिचर्ड रॉलिंग्ज, २०१२ ला सुरू झालेला कार्यक्रम. माकडाचं तोंड छापलेले त्यांचे टी-शर्ट आपल्याकडेही लोक घालून फिरायचे. त्या नावाचं रेस्टॉरंटसुद्धा निघालं. आता अशा दुकानाला एखाद्या गाडीत तोटा झाला, तर तो एपिसोड बनतो, एपिसोडमुळे नाव होतं, आणि नावावर टी-शर्ट खपतात. तुमच्या-माझ्या गाडीत तोटा झाला तर नुसता तोटाच होतो.

आता दुसरा प्रकार बघू, लिलावांचा. अमेरिकेत दर जानेवारीत दोन मोठे लिलाव टीव्हीवर गाजतात. अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सन, आणि फ्लोरिडातल्या किसिमीला मीकम. भला मोठा मंडप, दिव्यांचा झगमगाट, बोली पुकारणाऱ्याचं मशीनगनसारखं तोंड. इथे दोन शब्द कळले पाहिजेत.

पहिला, हॅमर प्राइस. हातोडा ज्या आकड्यावर पडतो तो. पण घेणारा तेवढेच देत नाही. वर लिलाव कंपनीचं कमिशन असतं, त्याला बायर्स प्रीमियम म्हणतात. २०१३ मध्ये बॅरेट-जॅक्सनमध्ये १९६६ च्या टीव्ही मालिकेतली मूळ बॅटमोबाइल विकली गेली. हातोडा पडला ४२ लाख डॉलरवर. घेणाऱ्याने भरले ४६ लाख २० हजार. दुसरं उदाहरण, फेरारी २५० जीटीओ. या मालिकेच्या ३६ गाड्या बनल्या असं सर्वसाधारणपणे धरतात. त्यातली १९६२ ची एक, ऑगस्ट २०१८ मध्ये आरएम सदबीजच्या माँटेरेच्या लिलावात गेली. हातोडा ४ कोटी ४० लाख डॉलरवर, प्रत्यक्ष किंमत ४ कोटी ८४ लाख डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण ३४० कोटी रुपये. नुसता प्रीमियमच तीस कोटींच्या वर! आणि बऱ्याच लिलावांत विकणाऱ्याकडूनही कमिशन घेतात. म्हणजे स्क्रीनवर जो आकडा दिसतो, तो ना घेणाऱ्याने दिलेला असतो, ना विकणाऱ्याला मिळालेला.

दुसरा शब्द, रिझर्व्ह. विकणारा आधीच सांगून ठेवतो की यापेक्षा कमी आली तर देणार नाही. बोली तिथपर्यंत पोचली नाही, तर गाडी विकली जात नाही. पण तोपर्यंत तुमच्या डोळ्यांपुढून मोठा आकडा गेलेला असतो, आणि आपण म्हणतो, "अरे, ही गाडी एवढ्याला जाते!" नाही हो. बोली लागली म्हणजे विक्री झाली असं नाही.

आणि एक मजा सांगतो. लिलावात गेलेली जगातली सगळ्यात महाग गाडी या टीव्हीवरच्या लिलावात गेलीच नाही. मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे, फक्त दोन बनलेल्या. त्यातली एक मे २०२२ मध्ये श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात, मोजक्या निमंत्रितांमध्ये लिलावाने विकली. १३ कोटी ५० लाख युरो, म्हणजे तेव्हाचे अकराशे कोटी रुपये. जगाला बातमी नंतर कळली. तर टीव्हीवर जे दिसतं तो अख्खा बाजार नव्हे, बाजारातला दाखवण्याजोगा भाग असतो.

आता माझी आवडती गोष्ट. 'बुलिट' नावाचा १९६८ चा सिनेमा, स्टीव्ह मॅक्वीनचा. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर हिरवी मस्टँग उडत जाते. ती गाडी १९७४ मध्ये एका साध्या कुटुंबाने सहा हजार डॉलरला घेतली. घरातली बाई त्या गाडीने शाळेत शिकवायला जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली. ह्यांनी दिली नाही. पुढे गाडी बिघडली, वर्षानुवर्षं झाकून पडून राहिली. शेवटी जानेवारी २०२० मध्ये मीकमच्या लिलावात ती ३४ लाख डॉलरला गेली, प्रीमियम धरून ३७ लाख ४० हजार.

आणि तिला चकाचक केलं नव्हतं! रंग उडालेला, ओरखडे, गंज, सगळं तसंच. किंमत आली ती खरेपणाला. कागद होते, पत्र होतं, आणि सिनेमासाठी गाडीत केलेले बदल जागेवर होते. कुणी हौसेने तो सगळा पुरावा घासून, रंगवून टाकला असता तर? टीव्ही आपल्याला शिकवतो की चमकवलं म्हणजे किंमत वाढते. इथे उलटं झालं. आणि नफा यायला ४६ वर्षं लागली, तीस सेकंद नव्हे.

हे सगळं आज का सांगतोय? कारण मध्ये आपल्या एका श्रोत्याचा मेसेज आला. नाव सांगत नाही. तो म्हणतो, "दादा, आजोबांची ७५ सालची पद्मिनी गावी शेडमध्ये उभी आहे. टीव्हीवर बघून वाटतंय, कर्ज काढून रिस्टोअर करावी आणि विकावी. किती सुटतील?"

मित्रा, किती सुटतील ते मी सांगू शकत नाही. पण काय मोजायचं ते सांगतो.

आधी कागद शोध. आरसी बुक, जुन्या पावत्या, आजोबांचे गाडीसोबतचे फोटो. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कायमची गेली, त्यामुळे तिच्याबद्दल जिव्हाळा भरपूर आहे. पण जिव्हाळ्याचा भाव आणि बाजारभाव वेगळे असतात.

मग नियम बघ. २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, खाजगी वापराच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. तेव्हा रीलमध्ये बघून दुसरं इंजिन बसवायच्या आधी दहा वेळा विचार कर.

आणि मग मिस्त्रीकडे जा. त्याला "किती पैसे?" विचारशीलच, पण त्याआधी विचार, "काका, किती दिवसांचं काम आहे?" पत्र्याचं किती, रंगाचं किती, वायरिंगचं किती, आणि पार्ट शोधायला किती. ते दिवस वहीत लिही, त्यांची मजुरी मांड, कर्जाचं व्याज मांड. शेवटच्या ओळीत तोटा दिसला, तर विकण्यासाठी कर्ज काढू नकोस. माझं मत स्पष्ट आहे.

पण म्हणून गाडी भंगारात घाल असंही नाही. 'कार एसओएस' नावाचा ब्रिटिश कार्यक्रम आहे, टिम शॉ आणि फझ टाउनशेंडचा. त्यात आजारपणात किंवा अडचणीत सापडलेल्या माणसाची गाडी गुपचूप नेऊन दुरुस्त करतात आणि त्यालाच परत देतात. विक्री नाही, नफा नाही. आजोबा असतील तर त्यांना एकदा शेजारच्या सीटवर बसवून गावातून फिरवून आणण्यासाठी गाडी नीट करणं हेही कारण होऊ शकतं. फक्त त्याला खर्च म्हण, गुंतवणूक म्हणू नकोस. दर महिन्याला पगारातून जमेल तेवढंच काम करून घे. गाडी एवढी वर्षं थांबलीये, आणखी दोन वर्षं थांबेल.

आणि बाकी मंडळी, हे कार्यक्रम जरूर बघा. मीही बघतो, मस्त असतात. फक्त शेवटी आकडा आला की एक ओळ मनातल्या मनात वाढवा: मिस्त्रीची मजुरी. मग परत वजाबाकी करा.

तुमच्याही घरामागे एखादी जुनी गाडी, बुलेट, लॅम्ब्रेटा झाकून उभी असेल तर फोटो पाठवा, आणि ती कोणी, कधी घेतली तेही लिहा. पुढच्या भागात निवडक गोष्टी सांगेन. तोपर्यंत ऐकत राहा, हेल्मेट घाला, आणि गॅरेजवाल्या काकांचे पैसे वेळेवर द्या. भेटू!