मुलाच्या पोटगीचा अर्ज लांबवू नका



पतिपत्नींचे नाते न्यायालयाच्या निकालाने संपुष्टात येऊ शकते. मुलाचे मायबाप मात्र दोघेही कायम राहतात. ताबा कोणाकडे द्यावा हे ठरविताना न्यायालय मुलाच्या हितास सर्वाधिक महत्त्व देते. ताबा आईकडे गेला, तरी पित्याची खर्चाची जबाबदारी टळत नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ अन्वये मुलासाठी पोटगी मागता येते. त्यासाठी घटस्फोटाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. पत्नी राहते त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावयाची असते. अर्ज लांबविला, की तेवढे महिने मुलाच्या ताटातून वजा होतात.

उभय पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. यास्तव जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या व औषधांची बिले जपून ठेवावीत. रक्कम थकल्यास एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. पोटगी चुकविणाऱ्यास कारावास होऊ शकतो. परंतु तो भोगल्याने थकबाकी फिटत नाही.

स्त्रिया व मुले यांना विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो; त्यास उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात चौकशी करावी, अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. शिक्षक व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांना विनंती, की गावातील अशा मातेस निदान हा क्रमांक तरी लिहून द्यावा.