यजमानपणाचा जमाखर्च



2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. तेव्हापासून एक प्रश्न साहजिकच मनात येतो. महिलांची अशी एखादी मोठी स्पर्धा आमच्या बारामतीत, आमच्या इंदापुरात का भरू नये? 2020 साली बारामतीच्या मैदानावर रणजीचा सामना झालेला आहेच. प्रश्न चांगला आहे. पण उत्तर देण्यापूर्वी जमाखर्च मांडून पाहिला पाहिजे.

पाहुणचार आपल्याला नवा नाही. दर वर्षी तुकोबांची पालखी बारामतीवरून येते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला आणि इंदापूरला घोडे धावतात. एवढ्या जनसमुदायाला आपण जेवू घालतो आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही, कारण तो भक्तीचा व्यवहार आहे. स्पर्धा भरविणे हा मात्र सार्वजनिक पैशाचा व्यवहार आहे आणि त्याचा हिशेब मागणे हे आपले कर्तव्यच आहे.

प्रथम जमेची बाजू घेऊ. स्पर्धेने गावात पैसा खेळतो, असे म्हणतात. पण कोणता पैसा? बारामतीकराने तिकिटाला दिलेला रुपया नवा नव्हे. तो एरवी त्याने येथल्याच बाजारपेठेत खर्च केला असता. एका खिशातला दुसऱ्या खिशात गेला, इतकेच. बाहेरगावच्या माणसाने येथे येऊन खर्च केलेला रुपया तेवढा नवा. तोही मंडपवाला, आचारी आणि गाड्या पुण्याहून आणल्या तर दुसऱ्याच दिवशी पुण्याला परत जातो. विश्वविजेत्या संघाला 44 लाख 80 हजार डॉलरचे बक्षीस मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु ते बक्षीस संघाचे, यजमान गावाचे नव्हे. निमगाव केतकीच्या पानमळेवाल्याला, इंदापूरच्या खाणावळवाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बायांना काम मिळेल, अशी अट आधीच घातली तरच चार पैसे गावात राहतील.

आता धोक्याची बाजू. 2022 च्या जानेवारीत महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या बालेवाडीत झाले. ऐन स्पर्धेत करोनाने आपल्याच संघाला गाठले आणि यजमान भारताला माघार घ्यावी लागली. तिकिटाच्या आशेवर ज्याने गणित मांडले असेल, त्याचे काय झाले असेल ते सांगायला नको. दुसरा धडा याहून कठोर आहे. 2025 च्या विश्वचषकाचे काही सामने बंगळूरला व्हायचे होते. त्या जूनमध्ये तेथील मैदानाबाहेर एका विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन 11 माणसे मेली; पुढे ते सामने नवी मुंबईला हलविले गेले. यजमानाची किंमत दिव्यांच्या झगमगाटावर नव्हे, तर मैदानाच्या दरवाजांवर, रस्त्यांवर आणि रुग्णवाहिकेच्या वाटेवर ठरते.

मग लाभ नाहीच काय? आहे, आणि मोठा आहे; मात्र तो सामने संपल्यावर सुरू होतो. बालेवाडीचे क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभे राहिले, म्हणून 28 वर्षांनी तेथे आशियाई सामने होऊ शकले. त्याच्याही मागे जाऊ. 1973 साली पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा झाली. संघ किती? मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, असे अवघे तीन! त्या काळच्या खेळाडू अनारक्षित डब्यातून प्रवास करीत आणि जमिनीवर झोपत. त्या तीन संघांच्या पायावर नवी मुंबईची ती रात्र उभी आहे.

कोणी म्हणेल, ज्या तालुक्यांतल्या जिरायती गावांनी टँकरची वाट पाहिली, त्यांना ही चैन कशाला? आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही नव्या प्रेक्षागाराची मागणी करीत नाही. विश्वचषकाचे तिकीट 100 रुपयांपासून होते. त्यामुळे पुष्कळ मुलींना तो खेळ डोळ्यांनी पाहता आला. पण पाहण्यापासून खेळण्यापर्यंतची वाट कशात अडते? मैदानावर कपडे बदलायला खोली नसते. संध्याकाळचा सराव संपेपर्यंत गावाकडची शेवटची एस. टी. निघून जाते. आणि दहावीनंतर घरचे म्हणतात, पुरे आता. या तीन अडचणी कोणत्याही विश्वचषकाने आपोआप सुटत नाहीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. स्पर्धा जरूर मागा; पण त्याआधी मैदानावर रोज दोन तास मुलींसाठी राखून ठेवा, खोली बांधा, एस. टी.ची वेळ जुळवून घ्या. आरंभ कबड्डी आणि खो-खोने करा. त्यांना माती आणि चुना पुरतो. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार, प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचीच आहे.

पाहुणे येतील आणि जातील. त्यांच्या पाठीमागे आपल्या मुली त्या मैदानावर खेळत राहिल्या, तर यजमानपण फळाला आले असे समजू. नाही तर मांडव उतरल्यावर नुसते खड्डे राहतात.