शाळेच्या दारातील पाहुणा



भाऊराव पाटील ह्यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे नाना जातींची मुले एका पंक्तीस जेवीत. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी मंगळसूत्रही मोडले. परक्या गावी आलेल्या मुलास आधी अशी पंक्ती लाभावी लागते. मग पुस्तकांत मन रमते.

आजही दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोडणी कुटुंबे सातारा-सांगलीच्या फडांवर उतरतात. शाळेचे अर्धे वर्ष सरत आलेले असते. हाती दाखला नसला म्हणजे बाप दारातूनच परत फिरतो. त्यास आपण समजावून सांगावे की, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखल्यास विलंब झाला म्हणून सरकारी शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. हवे तर सोबत जावे.

कायद्याने बाकावर जागा मिळेल. सोबती मिळवून देणे मात्र आपल्या लेकरांच्या हाती आहे. संध्याकाळी त्यांस एवढेच विचारा : नव्या मुलाचे नाव विचारलेस काय? त्याच्याशेजारी डबा उघडलास काय? आणि त्याच्या आईबापांस आपल्या ओट्यावर बसवून चहा द्या. मग शाळेची पायरी चढताना ती माणसे संकोचणार नाहीत.