टाळू, शिवण आणि बाळाची वाढ

दक्षिण सोलापूर तालुक्यांतील मंद्रूप असो कीं पुण्या-मुंबईची चाळ असो, बाळाला न्हाऊं घालणाऱ्या बाईचा हात प्रथम टाळूकडे जातो. टाळू भरावी, डोकें हलक्या हातानें वळवावें, मग राईच्या उशीवर निजवावें, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. हौस वाईट नव्हे. परंतु कांहीं डोकीं हातानें वळत नाहींत.

अर्भकाची कवटी मडक्यासारखी एकसंध नसते. तिचीं हाडें शिवणींनीं जोडलेलीं असतात, आणि त्या शिवणी मोकळ्या असतात म्हणूनच आंतल्या मेंदूला जागा मिळते. जन्मतः सुमारें ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षाअखेर सुमारें ४६ होतो! दोन-अडीच हजार बाळांत एखाद्याची शिवण वेळेपूर्वींच सांधली जाते. मग त्या शिवणीला आडव्या दिशेनें वाढ खुंटते, हें जर्मनीच्या रुडोल्फ फिर्खो यांनीं १८५१ मध्यें दाखविलें. माथ्यावरची पुढून मागें जाणारी शिवण मिटली, म्हणजे डोकें होडीसारखें लांबट व अरुंद होतें. हा प्रकार सर्वांत अधिक, आणि मुलग्यांत विशेष. टाळू उघडी असूनही शिवण मिटलेली असूं शकते, हें लक्षांत ठेवावें. एकाच बाजूवर निजून चपटें झालेलें डोकें मात्र निराळें. त्याला शस्त्रक्रिया लागत नाहीं.

अशा वेळीं आईनें ग्रहणांत विळी धरली होती काय, अशी चौकशी घरांत सुरू होते. ती निव्वळ क्रूर आहे. तीत जे महिने जातात ते परत येत नाहींत. कारण दुर्बिणीनें लहानशा छेदांतून करावयाची शस्त्रक्रिया साधारणतः पहिल्या तीन-चार महिन्यांतच साधते. त्यानंतर कांहीं महिने बाळाला शिरस्त्राण घालावें लागतें. पुढें कवटी उघडून हाडें नव्यानें बसवावीं लागतात, आणि तेंही बहुधा पहिल्या वर्षांतच बरें. १८९०-९२ च्या सुमारास पॅरिसचे लानलोंग व सॅन फ्रान्सिस्कोचे लेन यांनीं आरंभ केला, तेव्हां ज्यांचा मेंदूच वाढत नव्हता अशा मुलांवरही शस्त्र चाललें, बरींच दगावलीं, आणि १८९४ मध्यें अब्राहम जाकोबी यांनीं त्याचा कडक निषेध केला. आज निवड पारखून होते.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस पापण्या सुजून डोळे मिटतात. आईबाप घाबरतात, पण सूज उतरते. खरी परीक्षा पुढची. भीतीपोटीं बाळाला अष्टौप्रहर मांडीवर ठेवलें, तर मान धरणें, पालथें पडणें, बसणें हीं सारीं लांबतात. शल्यवैद्यांची अनुमति मिळतांच त्याला जागेपणीं पोटावर खेळूं द्यावें. डोक्याला तेल मात्र त्यांना विचारूनच. एकच शिवण मिटलेलीं बहुतेक मुलें इतरांसारखींच वाढतात. कांहींना बोलण्यांत किंवा पुढें शिकण्यांत अडचण येते; म्हणून तपासणी शाळेच्या वयापर्यंत चालावी. सतत वांत्या, फुगलेली टाळू, ताप, सुस्ती दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावे.

मुलांच्या तपासणीसाठीं २०१३ मध्यें पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. मंद्रूपकरांना सोलापूरचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही जवळ आहे. तेथून पुढें कोठें न्यावें तें सांगतील. जातांना जन्मापासूनच्या डोक्याच्या घेराचीं टिपणें आणि समोरून, बाजूनें व वरून घेतलेलीं छायाचित्रें बरोबर न्यावींत.