बहुरूपी नटी ललिता पवार



पिंपळगाव बसवंतहून पूर्वेस निघालेला वाटसरू निफाड व विंचूर ही गावे मागे टाकून येवल्यास पोहोचतो. येवले म्हटले की पैठणी आठवते, सेनापती तात्या टोपे आठवतात. परंतु याच गावी 18 एप्रिल 1916 रोजी, रेशमी व सुती कापडाचा व्यापार करणाऱ्या लक्ष्मणराव सगुण यांच्या घरी अंबा नावाची जी मुलगी जन्मास आली, तिचे स्मरण जिल्ह्यातील लोकांस क्वचितच होते. याचे कारण असे की ही मुलगी पुढे ज्या नावाने प्रसिद्धीस आली ते नाव घेताच लोकांच्या डोळ्यांपुढे येवले उभे राहत नाही. उभी राहते ती पडद्यावरची खाष्ट सासू. ललिता पवार हे ते नाव होय. घरोघरी एखाद्या कजाग बाईस 'ललिता पवार' असे म्हणण्याची चाल पडावी, हा एका अर्थी कलावतीचा विजयच. परंतु त्या एका ओळखीखाली मूकपटातील नायिका, स्वतःच्या गळ्याने गाणारी नटी आणि पोट धरून हसविणारी विनोदी अभिनेत्री अशी तीन माणसे झाकली गेली आहेत, आणि आजच्या भाषणाचा विषय ती तिघीजणी आहेत.

नाशिक जिल्ह्याचे व चित्रपटाचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लोकांपुढे आणला तेव्हा तारामतीच्या भूमिकेस एकही स्त्री मिळाली नाही, आणि अखेरीस साळुंके नावाच्या पुरुषास लुगडे नेसवून उभे करावे लागले. ज्यांचे बालपण पिंपळगावी गेले ते कविवर्य कुसुमाग्रज हेही 1930 नंतरच्या दशकात नाशिकच्या चित्रपटसंस्थेत शिरले, त्यांनी 'सती सुलोचना' लिहिला आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. कवीने तोंडास रंग लावलेला पाहून त्या वेळी कोणी नाके मुरडली असतील तर नवल नाही. पण कवी हा पुरुष होता. मुलीची गोष्ट निराळी होती.

अंबा वडिलांबरोबर पुण्यास गेली असता तेथे चित्रीकरण पाहावयास मिळाले, आणि आर्यन फिल्म कंपनीचे नानासाहेब सरपोतदार यांच्या नजरेस ही धीट पोर पडली. दरमहा अठरा रुपयांवर तिला ठेवून घेतले असे सांगतात. 1928 साली तिला जी पहिली भूमिका मिळाली, तो चित्रपटही 'राजा हरिश्चंद्र' याच नावाचा होता. फाळक्यांस जेथे एक स्त्री मिळाली नव्हती, त्याच कथेत पंधरा वर्षांनी त्यांच्याच जिल्ह्यातील एक अल्पवयीन मुलगी उभी राहिली. येवल्यासारख्या गावात, सोवळ्याओवळ्याच्या घरात, हे किती कानांस कसे लागले असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. पित्याने मुलीस अडविले नाही, ही गोष्ट मात्र नमूद केलीच पाहिजे.

मूकपटांच्या काळात ती 'अंबू' या नावाने झळकली. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्या 'दिलेर जिगर' या 1931 सालच्या साहसपटात ती रस्त्यावर कसरती करणारी मुलगी झाली आहे. त्या काळचे बहुतेक मूकपट जळून, कुजून वा भंगारात जाऊन नष्ट झाले. दैवयोगाने हा एक वाचला व पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाला. तो पाहणाऱ्यास प्रथम धक्काच बसतो. डोळ्यांत मिस्किलपणा, अंगात चापल्य, चेहरा मोकळा व हसरा, अशी ही तरुणी पुढे जिच्या नुसत्या भुवईने सुना थरथरू लागल्या तीच, हे सांगितल्यावाचून कळत नाही. गणपतरावांशी तिचा विवाह झाला व ती ललिता पवार झाली. हे लग्न मात्र पुढे टिकले नाही, आणि नंतर त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी संसार मांडला.

1932 साली 'कैलास' नावाच्या मूकपटाच्या निर्मितीत ललिताबाईंचा भाग होता आणि त्यात त्यांनी एकट्याने तीन भूमिका केल्या: नायिका, खलनायिका व माता. वय अवघे सोळा. आवाज नाही, संवाद नाहीत. एकीपासून दुसरी निराळी दिसावयाची ती केवळ चालण्यात, मान वळविण्यात, पदर सावरण्यात. नकलाकाराची खरी शाळा हीच होय. माणूस कसे बोलते हे कोणीही उचलतो. माणूस गप्प असता कसे असते हे उचलणे कठीण. पुढे आयुष्यभर ज्या तीन प्रकारच्या स्त्रिया त्यांस रंगवावयाच्या होत्या, त्या तिघींची जणू तालीमच या एका चित्रपटात होऊन गेली.

बोलपट आला आणि गाता गळा नसलेल्या कित्येक नटनट्यांवर गंडांतर आले. ललिताबाईंवर ते आले नाही. 1935 सालच्या 'हिम्मत-ए-मर्दां' या बोलपटात त्या स्वतःच गायिल्या. त्या काळी कॅमेऱ्यापुढे उभे राहूनच गावे लागे. वादक दृष्टीआड बसत, आणि सूर चुकला की अभिनयही फुकट जाई. त्याच 1935 साली हिंदी चित्रपटात पार्श्वगायनाचा आरंभ झाला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. थोड्याच वर्षांत गाणे एकीचे व ओठ दुसरीचे असा संसार सुरू झाला, आणि नटीच्या गळ्याची गरज उरली नाही. ललिताबाईंचे गाणे असे मागे पडले. परंतु गाण्याने आवाजास जे वळण लाभते, एकच शब्द वर नेऊन टोचण्याचे व खाली आणून गोंजारण्याचे जे सामर्थ्य येते, ते त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत राहिले.

1939 सालचा भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', 1941 सालचा मास्टर विनायकांचा 'अमृत' हे त्यांच्या उमेदीच्या काळातील चित्रपट. 'अमृत'ची कथा वि. स. खांडेकरांची. त्यात ललिताबाई चर्मकाराची पत्नी झाल्या होत्या. तालेवार व्यापाऱ्याच्या घरातील मुलीने ही भूमिका करावी व ती लोकांस खरी वाटावी, यात निरीक्षणाचा भाग किती मोठा असला पाहिजे!

आणि मग 1942 साल उजाडले. 'जंग-ए-आजादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात नट भगवान यांनी त्यांस थप्पड मारावयाची असा प्रसंग होता.  हात बेताने लागावयाचा तो जोराने लागला. त्यात दुष्टावा नव्हता. परंतु आघाताने चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली व डाव्या डोळ्यास कायमची इजा झाली. दीर्घकाळ औषधोपचार झाले. चेहरा पुष्कळसा सुधारला, डोळा सुधारला नाही. तो बारीक झाला तो झालाच. वय सव्वीस. नायिकेचे सारे भांडवल तिच्या मुखावर असते, आणि येथे मुखच गेले होते. चित्रपटसृष्टीत अशा वेळी कोणी कोणासाठी थांबत नाही. घरी बसावयाचे, की ज्या चेहऱ्याने दगा दिला तोच घेऊन पुन्हा दिव्यांपुढे जावयाचे, एवढाच प्रश्न होता.

ललिताबाई गेल्या. अपघातानंतर दोनच वर्षांनी, 1944 साली, प्रभातच्या 'रामशास्त्री' या चित्रपटात त्या आनंदीबाई झाल्या. गजानन जागीरदारांच्या करारी रामशास्त्र्यांसमोर ती महत्त्वाकांक्षी, आतल्या गाठीची स्त्री तितक्याच तोलाची वाटते. 'ध' चा 'मा' करणारी बाई मराठी मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. तिला मुख लाभले ते हे. पुढे 1950 साली व्ही. शांताराम यांच्या 'दहेज'मध्ये त्यांनी हुंड्यापायी सुनेस छळणारी सासू रंगविली आणि त्यांच्यावर तो शिक्का बसला. बारीक झालेला डोळा ही उणीव होती. तिचेच त्यांनी शस्त्र केले. बोलता बोलता तो डोळा किंचित आणखी मिटावयाचा, मान तिरपी करावयाची, की प्रेक्षकांतील सासुरवाशिणी पदर तोंडास लावीत.

येथवर पुष्कळांस ठाऊक असते. विसरले जाते ते त्यांचे विनोदाचे अंग.

गावोगावी बहुरूपी येतो. फौजदाराचा वेष घेऊन दारात उभा राहतो, पोरे पळतात, मोठी माणसे हसतात व पायलीभर दाणे घालतात. त्याची नक्कल हुबेहूब असते, पण ती फौजदाराच्या टोपीची व मिशांची. फौजदाराच्या मनात काय आहे याच्याशी बहुरूप्यास कर्तव्य नसते. ललिताबाईंनी टोपीपासून आरंभ केला व मनापर्यंत मजल मारली, हा त्यांचा विशेष. 1955 सालच्या 'श्री 420' या राज कपूरच्या चित्रपटात त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई झाल्या आहेत. गावाकडून आलेला भोळा नायक दोन आण्यांस तीन केळी असा भाव ऐकून तीन आण्यांस दोन असा उलटा भाव करू लागतो, तेव्हा तिच्या मुद्रेवर आधी संशय, मग गोंधळ आणि शेवटी माया असे तीन भाव एकापाठोपाठ येऊन जातात. बाजारात बसणारी कोणतीही भाजीवाली ती पाहून आपलीच म्हणेल.

त्याच वर्षी गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस 55'मध्ये पुरुषजातीचा द्वेष करणारी श्रीमंत आत्या त्यांनी उभी केली. या चित्रपटाने स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीची जी टवाळी केली आहे ती, हिंदू विवाहाचा कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, न्यायाची नव्हती असेच म्हणावे लागेल. परंतु ललिताबाईंनी त्या आत्यास बावळट केले नाही. ती आपल्या मतावर इतकी ठाम आहे की हसू तिच्या ठामपणाचे येते, मताचे नव्हे.

1959 सालचा हृषीकेश मुखर्जी यांचा 'अनाडी' हा या सर्वांचा कळस. मिसेस डिसा ही मुंबईची ख्रिस्ती घरमालकीण. तिची हिंदी मोडकी, तोंड फटकळ, आणि अंतःकरण लोण्याचे. भाडे थकविणाऱ्या बेकार तरुणास ती दारात उभे करून खडसावते आणि त्याच दमात तो जेवला की नाही याची चौकशी करते. मुंबईच्या वाड्यांत अशा डिसाबाई राहत असत. त्यांचा हेल, कंबरेवर हात ठेवण्याची रीत, देवाचे नाव घेऊन रागावणे, हे सारे येवल्याच्या या बाईने असे टिपले की त्या जन्माने ख्रिस्ती नव्हेत हे पुष्कळांस खरे वाटेना. ती डिसाबाई सदोष औषधाने मरते, आणि इतका वेळ हसणारा प्रेक्षक एकदम गप्प होतो. या भूमिकेस फिल्मफेअरचे उत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. मुखर्जी यांनी पुढे 1971 च्या 'आनंद'मध्ये रुग्णालयातील कडक मेट्रनची भूमिका त्यांसच दिली व तिचेही आडनाव डिसाच ठेविले.

'जंगली' (1961) मध्ये त्या घरात हसण्यास बंदी करणारी आई आहेत; सभागृहात हसण्याचा कल्लोळ होतो तो तिच्या न हसण्यामुळे. आणि 'प्रोफेसर' (1962) मध्ये तर त्यांनी स्वतःच्या कीर्तीचीच नक्कल केली. भाचीवर कडक पहारा ठेवणारी प्रौढ आत्या, शम्मी कपूरने वृद्धाचे सोंग घेऊन शिकवणी धरली असता, त्या खोट्या म्हाताऱ्यावरच भाळते. लाजणारी ललिता पवार! ज्या मुद्रेचा लोकांनी धसका घेतला होता तिच्यावर षोडशीचा संकोच पसरलेला पाहून थिएटरे दुमदुमली. तरीही त्या आत्याचा शेवटी फजितवाडा होतो तेव्हा हसणाऱ्यास किंचित चोरट्यासारखे वाटते. तिच्या एकटेपणावर आपण हसलो असे मनात येते.

'अनाडी'च्याच वर्षी, 1959 साली, बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्यांनी अस्पृश्य म्हणून एका अनाथ मुलीस दूर लोटणारी कर्मठ ब्राह्मण आत्या केली. अठरा वर्षांपूर्वी 'अमृत'मध्ये ज्यांची बाजू त्यांनी मांडली, त्यांस शिवून न घेणारी स्त्रीही त्यांनीच दाखवावी, आणि दोन्ही खऱ्या वाटाव्यात!

1961 साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी 'संपूर्ण रामायण'मध्ये त्या मंथरा झाल्या होत्या. सव्वीस वर्षांनी, 1987 साली, रामानंद सागर यांनी दूरदर्शनवर रामायण आणले तेव्हा मंथरेसाठी पुन्हा त्यांसच बोलाविले. वय एकाहत्तर. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. खेड्यांत ज्याच्याकडे दूरदर्शन संच असे त्याच्या ओसरीवर अख्खी आळी जमे. कैकेयीच्या कानाशी ती वाकडी म्हातारी कुजबुजू लागली की आयाबाया पडद्याकडे पाहून बोटे मोडीत. त्यांपैकी कित्येकींस ती आपल्याच जिल्ह्यातील आहे हे ठाऊक नव्हते, आणि तो डोळा अभिनयाचा नव्हे हेही नव्हते.

सुमारे सत्तर वर्षे त्या काम करीत राहिल्या. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. अखेरच्या काळी कर्करोगाने गाठल्यावर त्या पुण्यास औंध येथे राहत. तेथेच 24 फेब्रुवारी 1998 रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी घरात दुसरे कोणी नव्हते, आणि जिचा आवाज देशातील घराघरांत ओळखला जाई तिच्या मृत्यूची वार्ता लगेच बाहेर कळली नाही.