जिभेखालचा पडदा

मूल अंगावर घेतलें कीं दोन घोट ओढून सुटतें, रडतें, पुन्हां धरतें. आईच्या स्तनाग्रांना चिरा पडतात, आणि घरांतील वडील मंडळी निदान करून मोकळी होते : दूधच येत नाहीं! (सासूबाई आणि शेजारीण यांचें येथें सहसा एकमत असतें.) मग बाटली घरांत शिरते. पुष्कळदां दूध असतें. तें मुलाला नीट ओढतां येत नाहीं, इतकेंच.

अशा वेळीं जिभेखालच्या पडद्याची शंका येते. हा पडदा प्रत्येकाच्याच तोंडांत असतो, हें मात्र लोक विसरतात. तो आखूड वा ताठ असूनही कित्येक मुलें उत्तम पितात. म्हणून प्रथम जाणत्या परिचारिकेनें किंवा बालरोगतज्ज्ञानें एक संपूर्ण पाजणें समक्ष पाहावें. तोंड मोठें उघडल्यावर, हनुवटी टेकवून, स्तनाग्राभोंवतींच्या काळ्या भागासह स्तन दिला, तर कित्येकदां तेवढ्यानेंच वेदना थांबतात.

त्रास राहिलाच, तर डॉक्टर पडदा कात्रीनें मोकळा करतात. काम क्षणाचें, आणि लगेच मुलाला पाजतात. २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेंत आईच्या वेदना तात्पुरत्या उणावल्याचें आढळलें. पाजणें हटकून सुधारल्याचें नाहीं. घरीं नखानें वा ब्लेडनें हा उद्योग मुळींच होऊं नये.

तोंवर आईनें दूध हातानें काढून वाटी-चमच्यानें पाजीत राहावें. पांच दिवसांनंतर दिवसाकांठीं ६ वेळां तरी लघवी होत नसेल, मूल सुस्त असेल, किंवा १५ दिवसांत जन्माचें वजन भरून आलें नसेल, तर त्याच दिवशीं त्याला डॉक्टरांकडे न्यावें.