पायाशीं दडलेली पिन

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांचा धानाचा व वनांचा मुलूख झाडीपट्टी या नांवानें ओळखला जातो. दिवाळी सरली कीं तेथें नाटकांचा हंगाम उभा राहतो आणि होळीच्या सुमारास संपतो. वडशाच्या नाटक मंडळ्या गांवोगांव फिरतात. रात्रीं उशिरा उघडलेला पडदा पहाटेस मिटतो. या रंगभूमीचे एक नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, यावरून तिची योग्यता शहरवासीयांस कळून आलीच असेल. संगीत हा या नाटकांचा प्राण होय. पूर्वीं ऑर्गन व तबला यांवर भागणाऱ्या वादकवर्गांत आतां विजेवर चालणारीं वाद्येंही येऊन बसलीं आहेत.

वर्धा नदीपलीकडील राजुऱ्यास अशाच एका रात्रीं एखादा तरुण गिटार घेऊन बसला आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या पायाशीं एका फळीवर चार-पांच लहान डब्या आहेत. त्यांस पेडल म्हणतात. एक पेडल स्वर खरखरीत करतें, दुसरें त्यास प्रतिध्वनि देतें. गिटारचा क्षीण विद्युत्प्रवाह या डब्यांतून एकामागून एक जात ध्वनिवर्धकाकडे पोंचतो. म्हणून चालू पेडलांपैकीं एकाची वीज गेली, तरी सारी साखळी मुकी होते. ऐन गाण्याच्या मध्यावर वादकाचा पाय फळीस लागतो आणि गिटार थांबते. प्रेक्षक म्हणतात, वाद्य बिघडलें; मंडळी म्हणतात, ध्वनिवर्धक गेला. दोष पुष्कळदां करंगळीहून बारीक अशा एका पिनेचा असतो.

ही पिन घेतांना लोक एकच कसोटी लावतात: ती बसते कीं नाहीं. पण बसणें निराळें आणि जुळणें निराळें. अॅडॉप्टरच्या वायरीच्या टोकाला जी पोकळ नळी असते, तिची बाहेरची जाडी बहुधा ५.५ मिलिमीटर असते. परंतु आंतलें छिद्र कोठें २.१, तर कोठें २.५ मिलिमीटर. पेडलच्या सॉकेटांतील कांडी बहुधा २.१ ची. तिच्यावर २.५ ची नळी खुशाल जाते, दिवाही लागतो. मात्र आंत सैलपणा राहतो आणि पायाच्या हादऱ्यानें स्पर्श तुटतो. हें अंतर डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून पिन बसविल्यावर वाद्य चालू ठेवून ती हलकेच हलवून पाहावी. आवाज तुटला, तर ती पिन घेऊं नये.

दुसरी गोष्ट ध्रुवांची. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टची एकदिश वीज लागते आणि तींत आंतली कांडी ऋण, बाहेरचा भाग धन असतो. याचें मूळ चौकोनी बॅटरींत आहे. पिन खुपसली कीं सॉकेटाच्या बाहेरच्या स्पर्शानें बॅटरीची धन तार आपोआप सुटावी, अशी ती सोय होती. घरांतील इंटरनेटच्या डबीचा अॅडॉप्टर पुष्कळदां त्याच मापाचा, पण उलट ध्रुवांचा असतो. घाईनें तो लावणाऱ्याचें पेडल कायमचें जाऊं शकतें. अॅडॉप्टरवर व पेडलवर एक बिंदु व त्याभोंवतीं अर्धें वर्तुळ अशी खूण छापलेली असते. बिंदूपासून निघालेली रेघ ज्या चिन्हाकडे जाते, तें आंतल्या कांडीचें. दोन्हीं खुणा सारख्या दिसल्याखेरीज वीज सुरू करूं नये.

व्होल्ट पेडलवर लिहिल्याइतकेच असावेत. मिलिअँपिअर मात्र अॅडॉप्टरवर अधिक असले तर बाधा नाहीं. पेडल आपल्याला लागतील तेवढेच घेतें. साधें पेडल दहा-वीस मिलिअँपिअरवर चालतें, तर प्रतिध्वनि देणाऱ्या कांहीं यंत्रांस शंभरांहून पुष्कळ अधिक लागतात. एकाच अॅडॉप्टरला फाटे फोडून पांच पेडलें चालवावयाचीं असतील, तर सर्वांची बेरीज आधीं कागदावर करावी. ती जुळूनही गुणगुण ऐकूं आली, तर प्रत्येक पेडलास स्वतंत्र वाट देणारी पेटी घ्यावी.

आतां मजबुतीविषयीं. आट्यांची कडी फिरवून घट्ट होणाऱ्या पिना मिळतात. पण त्यांना सॉकेटही तसेंच लागतें आणि तें फार थोड्या पेडलांवर असतें. तेव्हां उपाय साधाच करावा. काटकोनांत वळलेली पिन घ्यावी, म्हणजे ती पायाच्या वाटेंत येत नाहीं. वायरीला थोडी ढील देऊन ती पिनेपासून चार बोटांवर फळीस पट्टीनें बांधावी. मग ओढ बसली तरी ती फळीवर बसते, पिनेवर नाहीं.

येथवरच्या चुकीनें गाणें बिघडतें. यापुढील चुकीनें माणूस जातो. फळीवरील ९ व्होल्ट निरुपद्रवी आहेत, पण ध्वनिवर्धक भिंतींतल्या २३० व्होल्टवर चालतो. मांडवांत प्लग तुटला, कीं बोडक्या तारा आगकाडीनें सॉकेटांत खुपसण्याची वाईट संवय आहे. अर्थिंगची लांब व जाड पिन कापून टाकणारेही आढळतात. गिटारच्या तारा ध्वनिवर्धकाच्या अर्थिंगशीं जोडलेल्या असतात. वादकाची बोटें तारांवर आणि ओंठ मायक्रोफोनवर असतात. दोहोंपैकीं एकाचें अर्थिंग नसेल, तर वीज त्याच्या देहांतून वाट काढूं शकते. १९७२ च्या मे महिन्यांत वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक रंगमंचावर याच रीतीनें मृत्यु पावला. अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता.

म्हणून दुकानीं जातांना पेडल बरोबर न्यावें. माप, ध्रुव, व्होल्ट व मिलिअँपिअर या चारही गोष्टी तेथेंच ताडून घ्याव्या आणि एक जास्तीची पिन पिशवींत ठेवावी. प्रयोगाच्या आधीं, मांडव रिकामा असतांना, जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावें. रात्रभर गाणाऱ्या मुलाच्या घरीं त्याची आई पहाटेची वाट पाहत असते. त्या तपासणीचीं दहा मिनिटें तिच्यासाठीं आहेत.